बेंचवरच्या विंगरला एक कोटी? चला, हिशेब लावू!

आधी खेळाडू बघा. वय २२. डाव्या बाजूने सुसाट पळणारा विंगर. आदल्या हंगामात १९ सामने, २ गोल, ३ असिस्ट. त्यातही बऱ्याच सामन्यांत बेंचवरून उठून मैदानात आलेला. आता किंमत बघा. १ कोटी रुपये.

हे दोन आकडे तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर शेजारी-शेजारी ठेवले, तर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: ‘एवढ्या पैशात तर अख्खी टीम उभी राहिली असती राव!’

हा खेळाडू म्हणजे मडगावजवळच्या दवर्लीचा लिस्टन कोलासो. एप्रिल २०२१ मध्ये कोलकात्याच्या एटीके मोहन बागानने त्याला हैदराबाद एफसीकडून घेतलं. क्लबने रक्कम जाहीर केली नव्हती. पण त्या वेळच्या बातम्यांत आकडा होता सुमारे १ कोटी, म्हणजे दोन भारतीय क्लबांमधल्या व्यवहारात भारतीय खेळाडूसाठी तोवरची सगळ्यात मोठी रक्कम. आपल्याकडे बहुतेक फुटबॉलपटू करार संपल्यावर फुकटात दुसऱ्या क्लबकडे जातात. तिथे चालू करारातून खेळाडू सोडवायला कुणी कोटभर मोजतं, ही नवलाईच होती.

मग मोहन बागान फसलं का? उत्तर द्यायची घाई करू नका. खेळाडूची किंमत नुसत्या गोलांवरून जोखली, तर हिशेब हमखास चुकतो. मुदखेडच्या पोरांना तर हे जास्त चांगलं कळायला हवं. कारण काय, ते पुढे येईलच.

सौदा कधी झाला, ते बघा

१३ मार्च २०२१. गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची फायनल. मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. बरोबरी १-१. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या बिपिन सिंगने गोल मारला आणि चषक मुंबईला गेला. हा बिपिन कोण? विंगर. आधी कुठल्या क्लबात होता? एटीकेमध्येच! त्याच हंगामातली लीग शिल्डही मुंबईनेच नेली होती.

म्हणजे मोहन बागानला त्या वर्षी दोन्ही ठिकाणी मुंबई नडली, आणि शेवटचा घाव घातला तो त्यांच्याच जुन्या विंगरने. त्यानंतर महिनाभरात त्यांनी लिस्टनला आणलं. त्यांना काय सलत होतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि लिस्टनचे ते दोन गोल? तेही जरा नीट बघा. दोन्ही एकाच सामन्यातले, जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध. बदली खेळाडू म्हणून उतरून, शेवटच्या काही मिनिटांत. समोरचा बचावपटू तासभर धावून दमलेला असताना ताज्या पायांचा, अंगावर धावून जाणारा विंगर काय करू शकतो, त्याचा तो नमुना होता. नुसतं ‘२ गोल’ लिहिलं की ही गोष्ट आकड्यात दिसत नाही.

नियम बदलला, भाव बदलला

मुदखेडच्या फुलांचं गणित तुम्हाला घरूनच माहीत असेल. तोच झेंडू, तेच शेत, तीच तोडणी. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशीचा भाव आणि दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मिळणारा भाव, यात जमीन-अस्मानाचा फरक. फूल बदललं का? नाही. गिऱ्हाईकाची गरज बदलली.

२०२१ च्या उन्हाळ्यात भारतीय फुटबॉलपटूंचा असाच दसरा आला. २०२०-२१ पर्यंत आयएसएलमध्ये एका वेळी मैदानात ५ परदेशी खेळाडू चालत. २०२१-२२ पासून ही मर्यादा ४ वर आली. म्हणजे प्रत्येक संघात किमान ६ ऐवजी किमान ७ भारतीय.

एकच जागा, त्यात काय मोठंसं? बेरीज करून बघा. तेव्हा लीगमध्ये ११ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला २० सामने. २० सामने गुणिले ९० मिनिटं म्हणजे १,८०० मिनिटं. एवढी जास्तीची मिनिटं प्रत्येक क्लबला भारतीय खेळाडूंकडून भरून काढायची होती. लीगभर मिळून एका झटक्यात ११ नव्या नियमित खेळाडूंची गरज. पण चांगले भारतीय विंगर काही एका रात्रीत अकराने वाढत नाहीत. पुरवठा तेवढाच आणि मागणी वाढलेली. मग भाव चढणारच ना?

दुसरा बदल त्याच्या आधीच झाला होता. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, सामन्यात ३ ऐवजी ५ बदली खेळाडू उतरवायची मुभा मिळाली. ती तात्पुरती होती, २०२२ मध्ये कायमची झाली. त्यामुळे ‘बेंचवरचा खेळाडू’ या शब्दाचा अर्थच बदलला. गोलरक्षक सोडून मैदानात १० जण, त्यातले ५ बदलता येतात. म्हणजे निम्मा संघ! पूर्वी बेंच म्हणजे अडीअडचणीची सोय होती. आता सामन्याचा शेवटचा अर्धा तास बेंचच्या जिवावर खेळला जातो, आणि दमलेल्या बचावफळीसमोर सगळ्यात आधी सोडला जातो तो विंगर.

कोटीचा हप्ता किती?

तुम्ही २० हजारांचा मोबाइल घेतला आणि चार वर्षं वापरला, तर वर्षाला खर्च ५ हजार. १२ हजारांचा घेतला आणि दीड वर्षात बंद पडला, तर वर्षाला ८ हजार. स्वस्त कुठला पडला? क्लबांचे हिशेबनीसही ट्रान्सफर फी अशीच मांडतात. सगळी रक्कम एका वर्षाच्या माथी मारत नाहीत, कराराच्या वर्षांत वाटून टाकतात. पगार वेगळा.

लिस्टन मोहन बागानमध्ये किती टिकला? २०२१-२२ ते २०२४-२५ एवढेच धरले तरी चार पूर्ण हंगाम. १ कोटी भागिले ४ म्हणजे फीचा वाटा हंगामाला २५ लाख.

घेणाऱ्याचा खिसाही बघायला हवा. मोहन बागानमागे संजीव गोएंका यांचा आरपीएसजी समूह आहे. याच समूहाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आयपीएलच्या लखनौ संघासाठी ७,०९० कोटींची बोली लावली आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात एकट्या ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले. त्यांच्यासाठी १ कोटी म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा. तोच कोट एखाद्या छोट्या क्लबने कर्ज काढून दिला असता, तर निकाल वेगळा द्यावा लागला असता. ‘महाग’ हा शब्द खेळाडूला लागतो तसा घेणाऱ्यालाही लागतो.

मग झालं काय?

पहिल्याच हंगामात, २०२१-२२ मध्ये, लिस्टनने लीगमध्ये ८ गोल केले. त्या हंगामात कुठल्याही भारतीयाने त्याच्याहून जास्त गोल केले नाहीत. मे २०२२ मध्ये एएफसी चषकात बांगलादेशच्या बसुंधरा किंग्जविरुद्ध मोहन बागान ४-० ने जिंकलं. त्यातले ३ गोल त्याचे. बेंचवरचा म्हणून घेतलेला पोरगा सहा महिन्यांत पहिल्या अकरातला हुकमी एक्का झाला होता.

इथेच गोष्ट थांबवली तर सगळं गोड-गोड होईल. पण पुढच्या हंगामात लीगमधले गोल ८ वरून १ वर आले. तेव्हा निकाल द्यायला बसला असता, तर तुम्ही ‘एक हंगामाचा पाहुणा’ म्हणून मोकळे झाला असता. मात्र त्याच हंगामात, मार्च २०२३ मध्ये, मोहन बागानने बेंगळुरूला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आयएसएल चषक जिंकला.

आणि मग १५ एप्रिल २०२४. सॉल्ट लेक स्टेडियम, लीगचा शेवटचा सामना, समोर पुन्हा मुंबई सिटी. मुंबईला बरोबरी चालणार होती, मोहन बागानला जिंकणंच भाग होतं. २८ व्या मिनिटाला पहिला गोल झाला. कुणाचा? लिस्टनचा. सामना २-१ सुटला आणि शिल्ड कोलकात्याला गेली. शिल्डचं बक्षीस होतं साडेतीन कोटी. २०२१ मध्ये मुंबईने दिलेली ती सल तीन वर्षांनी, त्याच मुंबईसमोर, त्याच विंगरच्या गोलाने सुरू झालेल्या विजयात उतरली. पुढे २०२४-२५ मध्ये तर क्लबने शिल्ड आणि चषक दोन्ही उचलले.

सगळं श्रेय लिस्टनचं नाही, हे उघड आहे. ह्यूगो बूमूस, मनवीर सिंग, दिमित्री पेत्रातोस असे तगडे खेळाडू सोबत होते. पण ज्या एका सामन्यावर अख्खा हंगाम टांगलेला होता, त्यात तो होता, फिट होता आणि गोल करून गेला. यासाठीच तर फी मोजतात.

विकणारा हरला का?

आता गाडी पकडून हैदराबादला जाऊ. मुंबई-पुण्याचे संघ आपल्या टीव्हीवर असतात, पण मुदखेड जंक्शनवरून सगळ्यात जवळ पडायचा तो आयएसएल क्लब हैदराबादचाच. त्यातही गंमत म्हणजे हा संघ मुळात आपल्या महाराष्ट्राची जागा घेऊन आला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडलं, त्या रिकाम्या जागेवर हैदराबाद एफसी उभं राहिलं.

लिस्टनला विकल्यावर हैदराबादने काय केलं? रडत बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्याकडे आलेल्या नव्या चेहऱ्यांत एक होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. तोही विंगर, तोही पहिल्या अकरात कायमचं नाव नसलेला. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालविरुद्धच्या ४-० विजयात तीन गोल ओग्बेचेचे आणि चौथा या कोल्हापूरकराचा.

मार्च २०२२ ची उपांत्य फेरी तर सिनेमात शोभेल अशी. समोर कोण? एटीके मोहन बागान, लिस्टनसह. दोन सामने मिळून हैदराबाद ३-२ ने पुढे गेलं. २० मार्चला फातोर्ड्यात केरला ब्लास्टर्सविरुद्ध फायनल. हैदराबाद एका गोलने मागे. सामना संपत आलेला असताना बेंचवरून आलेल्या गोव्याच्या साहिल ताव्होराने हवेतच असा फटका मारला की स्कोअर १-१. मग शूटआउटमध्ये गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या, विंगर हालीचरण नर्झारीने निर्णायक पेनल्टी मारली आणि चषक हैदराबादचा.

म्हणजे बघा, कोटभर रुपये घेऊन खेळाडू विकणारा क्लब त्याच हंगामात विजेता झाला आणि तो आणणाऱ्या क्लबला आठ गोलांचा विंगर मिळाला. एकाने लुटलं आणि दुसरा लुटला गेला, असं दर वेळी नसतं. हैदराबादला ते परवडलं, कारण ओग्बेचेने त्या हंगामात १८ गोल ठोकले आणि त्याच्यामागे बेंचही भरलेलं होतं. लिस्टन गेला म्हणून खड्डा पडला नाही.

बेंचची ताकद कबड्डीवाल्यांना विचारा

आपल्याकडे फुटबॉलपेक्षा कबड्डी जास्त बघितली जाते, तर तिथलंच उदाहरण घेऊ. २०२२ च्या प्रो कबड्डी लिलावात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि अख्खा हंगाम गेला. संपला ना संघ? नाही! नवखा चढाईपटू नरेंदर पुढे आला, आपल्या महाराष्ट्राचा अजिंक्य पवार सोबत होता आणि थलैवाज उपांत्य फेरीपर्यंत पोहोचले. आता सांगा, त्या वर्षी त्यांनी सगळ्यात शहाणपणाचा पैसा कुठे घातला होता?

इंग्लंडमध्येही हेच नाटक मोठ्या आकड्यांत चालतं. जुलै २०२५ मध्ये आर्सेनलने चेल्सीच्या नोनी मडुएकेसाठी सुमारे ४ कोटी ८५ लाख पाउंड मोजले. आपल्या पैशात साडेपाचशे कोटींच्या वर! त्याच्या जागेवर आधीच बुकायो साका पक्का. चाहते एवढे भडकले की त्याला घेऊ नका म्हणून ऑनलाइन याचिका निघाली. आणि ऑगस्टमध्येच साकाच्या मांडीचा स्नायू दुखावला. पुढचाच सामना लिव्हरपूलच्या मैदानावर, उजव्या बाजूला कोण? मडुएके. सप्टेंबरमध्ये त्याचाही गुडघा दुखावला, ती गोष्ट निराळी. राखीव माणूसही माणूसच असतो.

मग खरंच महाग पडलेला सौदा कसा दिसतो? २०२२ चा मँचेस्टर युनायटेड आठवा. हंगामाच्या सुरुवातीला दोन सामने हरले, ट्रान्सफरची मुदत संपत आलेली, आणि घाईघाईत आयाक्सच्या अँटनीसाठी साडेनऊ कोटी युरो दिले. २०२५ मध्ये त्याला रिअल बेटिसला विकलं, तेव्हा पक्की रक्कम आली सुमारे सव्वादोन कोटी युरो. दसऱ्याच्या आदल्या रात्री, दुकान बंद व्हायच्या वेळेला घेतलेला झेंडू तो हाच.

आकडा मोठा, पगार कुठाय?

ट्रान्सफर फी म्हणजे खेळाडूच्या हातात पडलेले पैसे असं बरेच जण समजतात. तसं नाही. फी एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाते. खेळाडूचं पोट चालतं ते पगारावर.

आणि इथे आपल्या फुटबॉलची दुखरी नस आहे. जो हैदराबाद एफसी २०२२ मध्ये विजेता होता, तोच २०२३-२४ मध्ये थकलेल्या पगारांमुळे आणि नवे खेळाडू घेण्यावरच्या बंदीमुळे कोसळला. भर हंगामात खेळाडू सोडून गेले. अख्ख्या लीगमध्ये एकच विजय आणि तळाचा नंबर. दोन वर्षांत शिखरावरून थेट पायथ्याला! २०२५ मध्ये तर संघ हैदराबादमधूनच उठला आणि दिल्लीला गेला. आधी पुणे, मग हैदराबाद, आता दिल्ली. त्याच २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामही वेळेवर सुरू झाला नाही. कुणी सराव थांबवला, कुणी खेळाडूंचे पगार.

अशा वेळी सगळ्यात आधी कोण भरडला जातो? लिस्टनसारख्यांना दुसरं दार उघडतं. चटका बसतो तो बेंचवरच्या २३-२४ वर्षांच्या पोराला. त्याचं नाव कुणाच्या तोंडी नसतं, त्याच्यासाठी कुणी कोट काढून ठेवलेला नसतो. म्हणून ‘एका विंगरवर एवढे पैसे का उधळले’ या प्रश्नाच्या जोडीला ‘बाकीच्या पंचवीस जणांचा पगार वेळेवर होतो का’ हा प्रश्न विचारायलाच हवा. ज्या क्लबचं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे, त्याला पहिल्या बाबतीत थोडी उधळपट्टी माफ. ज्याचं ‘नाही’ आहे, त्याने दहा लाखांत घेतलेला खेळाडूही महागच.

वाद घालण्याआधी हे पाच प्रश्न

पुढच्या ट्रान्सफरवर कट्ट्यावर भांडण पेटेल, तेव्हा हे विचारा:

१. हा खेळाडू नसता तर त्या जागी कोण खेळलं असतं? संघाला त्या जागेची गरज किती होती?

२. त्याने आधी किती मिनिटं खेळून किती गोल, किती असिस्ट केले? नुसते एकूण गोल सांगू नका.

३. फी भागिले वर्षं किती येतं? आणि वय किती? २२ वर्षांचा खेळाडू पुढे विकताही येतो, ३१ वर्षांचा सहसा नाही.

४. सौदा शांतपणे झाला, की मुदतीच्या शेवटच्या दिवशी घाबरून?

५. क्लबचे बाकीचे पगार वेळेवर होतात का?

या पाचांवर लिस्टनचा सौदा लावून बघा. जागेची गरज होती, कारण नियमच बदलला होता. मिनिटांच्या मानाने खेळ चांगला होता. हंगामाला २५ लाख आणि वय २२. सौदा एप्रिलमध्येच उरकला, हंगाम सुरू व्हायच्या कितीतरी आधी. मागे भक्कम मालक. एका हंगामात गोल आटले, तो वजा करा. तरीही निकाल स्पष्ट आहे: १ कोटी महाग नव्हते. उलट २०२४ ची ती एप्रिलची रात्र बघता, स्वस्तातच पडले म्हणायचे.

शेवटी थोडं तुमच्याबद्दल. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला तुमच्या कॉलेजचा संघ निघतो, तेव्हा बारावा, तेरावा, चौदावा गडीही बॅग भरून सोबत जातो. फोटोत कडेला उभा असतो, पाण्याच्या बाटल्या त्याच्याच हातात असतात. फुटबॉल असो, कबड्डी असो की नांदेडची लाडकी हॉकी, या वर्षी त्याचा सराव पूर्ण करून घ्या. त्याच्या बुटांचा आणि प्रवासाचा खर्च पहिल्या फळीतल्या खेळाडूंच्या बरोबरीने धरा. कप्तान असाल, तर गट साखळीतला एखादा सामना त्याला सुरुवातीपासून खेळवा. आणि तो गडी तुम्हीच असाल, तर मैदानात उतरायला मिळालेली शेवटची दहा मिनिटं वाया घालवू नका. लिस्टनला नॉर्थईस्टविरुद्ध तेवढीच पुरली होती.